घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग: जुनी टेप घ्यावी की नवं डिजिटल?

गाणारा एक, सोबत तानपुरा, पेटी आणि तबला. एवढीच बैठक घरातल्या खोलीत नीट रेकॉर्ड करायची आहे आणि समोर दोन वाटा आहेत. एक सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्पूलच्या किंवा चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनची, दुसरी यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं उपकरण) आणि लॅपटॉपची. "टेपचा आवाज उबदार, डिजिटलचा कोरडा" एवढ्या ऐकीव वाक्यावर लोक मशीन घेऊन मोकळे होतात. टेपचा आवाज वेगळा असतो हे खरंच आहे. पण तो येतो टेपच्या वेगातून, ट्रॅकच्या रुंदीतून, किती जोराने रेकॉर्ड केलं त्यातून आणि मशीनची निगा कशी राखली आहे त्यातून. यातलं एक जरी बिघडलं, तरी हातात उरते ती सळसळ आणि डळमळणारा सूर.

आमचं मत आधीच सांगतो. या प्रकारच्या संगीतासाठी मूळ रेकॉर्डिंग डिजिटलवरच करावं. टेप हवीच असेल तर शेवटच्या टप्प्यावर, तयार मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र केलेला आवाज) तिच्यातून फिरवून आणण्यासाठी वापरावी. त्यामागची कारणं नीट समजून घेतली, तर तुमच्या बाबतीत हे मत लागू पडतं की नाही तेही ठरवता येईल.

आधी टेक किती लांब आहे ते मोजा

साडेदहा इंची स्पूलवर दीड मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची टेप २,५०० फूट बसते. सेकंदाला १५ इंच वेगाने ती ३३ मिनिटं पुरते, साडेसात इंचाने ६६ मिनिटं. सात इंची स्पूलवर हीच टेप १,२०० फूट, म्हणजे १५ इंच वेगाला फक्त १६ मिनिटं. जुन्या बाजारात दिसणारी बरीचशी घरगुती मशिनं सात इंची स्पूलचीच असतात. विलंबित ख्याल आणि लगोलग द्रुत असं सलग गाणं त्यावर मावत नाही. गाणं रंगात आलेलं असताना टेप संपली, तर ती मैफल परत जुळवून आणता येत नाही.

चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनची गोष्ट याहून अवघड आहे. टॅस्कॅमचं पहिलं पोर्टास्टुडिओ, मॉडेल १४४, १९७९ सालचं. त्यात चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि नेहमीच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला पावणेचार इंच, चालतात. त्यामुळे साठ मिनिटांची कॅसेट १५ मिनिटांत संपते आणि नव्वदची साडेबावीस मिनिटांत. १२० मिनिटांची कॅसेट लावूच नये. तिची टेप फार पातळ असते, ती ताणली जाते आणि रोलरला गुंडाळते. भावगीत, अभंग, लावणी यांना ही लांबी भरपूर झाली. ख्यालाला नाही.

डिजिटलमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटचा) एका ट्रॅकला मिनिटामागे ८.६४ एमबी लागतात. चार ट्रॅक तासभर चालू ठेवले तर साधारण २ जीबी. म्हणजे अर्ध्या टीबीच्या डिस्कवर सुमारे २४० तास.

तानपुरा टेपची परीक्षा घेतो

ढोलकीच्या फडात टेपची सळसळ कुणाला ऐकू येणार नाही. आलापीत येते. मंद्रातला षड्ज, मागे तानपुरा आणि मधली शांतता, इथे सळसळ थेट उघडी पडते. पाव इंची टेपवर दोनच ट्रॅक असतील आणि वेग १५ इंच असेल, तर सुस्थितीतलं मशीन सळसळीच्या वर साधारण ६० ते ६५ डेसिबलची जागा देतं. आजचा साधा २४ बिटचा इंटरफेस १०० च्या वर जातो.

पण घरातली खोलीही शांत नसते. रात्रीच्या निवांत खोलीतही ३०-३५ डेसिबलचा आवाज असतो, पंखा चालू असेल तर आणखी. म्हणून एका ट्रॅकपुरतं पाहिलं तर चांगली टेप आणि खोलीची शांतता जवळपास बरोबरीची निघतात. घोटाळा होतो ट्रॅक वाढले की. चार ट्रॅक एकत्र केले की सळसळ ६ डेसिबलने वाढते, आणि तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवण्याची जुनी युक्ती वापरली तर प्रत्येक उतरवणीत आणखी भर पडते.

बऱ्याच कॅसेट मशिनांमध्ये यावर उपाय म्हणून डीबीएक्स नावाचं सर्किट असतं. ते सळसळ खूप दाबतं, पण बायाँच्या (डग्ग्याच्या) घुमाऱ्याशी त्याचं जमत नाही. खालचा घुमारा मोठा आणि सळसळ झाकणारे वरचे स्वर मात्र नाहीत, अशा वेळी प्रत्येक "गे" बरोबर सळसळ वर उसळते आणि खाली बसते. एकदा कानाला ते कळलं की मग दुसरं काही ऐकू येत नाही. तबल्याच्या ट्रॅकपुरतं डीबीएक्स बंद करता येत असेल तर करा. पण ज्या ट्रॅकवर ते लावून रेकॉर्ड केलं, तो वाजवतानाही लावूनच वाजवावा लागतो.

सुराचा हिशेब

टेपचा वेग १ टक्क्याने सरकला तर सूर १७ सेंटने (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) सरकतो. प्रमाण श्रुती सुमारे २२ सेंटची. म्हणजे पाऊण श्रुती गेली. अर्ध्या टक्क्याला साडेआठ सेंट जातात, आणि पेटीसारख्या ठाम सुराच्या वाद्याशेजारी तेवढा फरक गाणाऱ्याच्या कानाला टोचतो. सगळे एकत्र बसून एकाच वेळी रेकॉर्ड करणार असाल तर हा प्रश्न कमी, कारण सगळंच एकत्र सरकतं. आज गळा आणि आठवड्याने वरून पेटी असं करणार असाल, तर टेपवर दर वेळी सूर जुळवावा लागतो. रिळाच्या सुरुवातीला गायकाच्या षड्जाचा स्थिर सूर ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या वेळी तो ट्यूनरवर पाहून पिच कंट्रोलने वेग जुळवा आणि मगच पुढचं वाद्य घ्या.

डिजिटलमध्येही सूर घसरतो, पण एकाच कारणाने: ४८ किलोहर्ट्झवर घेतलेली फाइल ४४.१ समजून वाजवली तर जवळजवळ दीड सेमिटोन खाली येते. सुरुवातीलाच ४८ ठरवा आणि मध्ये बदलू नका.

खर्चाचा क्रम

आधी खोली, मग माइक, मग इंटरफेस, मग हेडफोन. टेप सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की महागडं मशीन खोलीची घुमघूमच इमानेइतबारे टिपतं.

हॉलपेक्षा झोपायची खोली बरी. गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, जाड पडदे यांनी वरच्या स्वरांचं घुमणं आटोक्यात येतं. खालच्या सुरांसाठी ते पुरत नाही. त्यासाठी ४८ किलो प्रति घनमीटर घनतेची रॉकवूल, ५० मिलिमीटरचे दोन थर, चार बाय दोन फुटी लाकडी चौकटीत बसवून वर सुती कापड ताणा आणि भिंतीपासून ५ सेंटिमीटर सोडून उभे करा. अशा चार चौकटींपैकी दोन कोपऱ्यांत, दोन गाणाऱ्याच्या मागे. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घालाच.

पंखा बंद ठेवावाच लागतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निदान त्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण फिरवून ठेवावा. मधल्या खुणांवर तो विजेची लाट कापतो आणि त्याची गुरगुर तारांमधून माइकच्या केबलपर्यंत येते. दिव्यांचे डिमरही तसेच. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

डिजिटल मांडणी, पायरीने

इंटरफेस घेताना खोक्यावरचा "चार इनपुट" हा आकडा वाचून फसू नका. माइकचे प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे भाग) किती ते पाहा. मोटूच्या एम४ वर माइकसाठी दोनच जागा आहेत, उरलेल्या दोन लाइनच्या. बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडी वर चारही माइकच्या आहेत. गळा, पेटी, तबला आणि तानपुरा असे चार माइक एकदम लावायचे तर दुसऱ्या प्रकारचा हवा. दायाँ-बायाँला वेगळे माइक हवे असतील तर आठ प्रीॲम्पचा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर त्याला माइक लावू नका, लाइनमधून स्वतंत्र ट्रॅकवर घ्या.

१. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हबमधून नको. विंडोजवर कंपनीचाच एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका. मॅकला बहुतेकदा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

२. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळे एकत्र बसून गाणार असतील आणि ऐकणं इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगवर (लॅपटॉपमधून न जाता थेट) असेल तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढे नमुने, ५१२ ठेवा, लॅपटॉपला श्वास घ्यायला जागा मिळते. सॉफ्टवेअरमधून ऐकत वरून वाद्य घ्यायचं असेल तर १२८ किंवा ६४. १२८ ला एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो, जाऊन-येऊन प्रत्यक्षात ६ ते १०. याहून जास्त झाला की तबलजीचा हात मागे पडायला लागतो.

३. वाय-फाय बंद, वीज बचतीची सेटिंग बंद, अपडेट थांबवलेले. मधेच "टिक्" असा तुटका आवाज आला तर बहुतेक वेळा कारण यातच सापडतं. तरीही राहिला तर बफर वाढवा.

४. गायकाला तार सप्तकातली सगळ्यात मोठी जागा घ्यायला सांगा आणि त्या वेळी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवा. प्रत्यक्ष मैफलीत माणूस चाचणीपेक्षा जोरात गातो. तबल्याला उणे १० पर्यंत चालेल. शून्याला धडकलेला आवाज फाटतो आणि तो नंतर सुधारत नाही. टेपच्या सवयीने लाल दिव्याजवळ रेकॉर्ड करण्याचं इथे काही कारण नाही.

५. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घरघर आली तर तो काढून पाहा. थांबली तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, तीन पिनांनी, खऱ्या अर्थिंगसह लावा. घरघर घालवण्यासाठी अर्थची पिन तोडणं जिवावर बेतू शकतं.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च करायची गरज नाही. रीपर ६० दिवस पूर्ण सुविधांसह वापरून पाहता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो. ऑडॅसिटी फुकट आहे आणि साध्या कामाला पुरतं.

माइकबद्दल थोडं. गळ्याला १५ ते २० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर, माइक तोंडाच्या रेषेत नाही तर किंचित वरून खाली झुकलेला. पेटीला भात्याच्या बाजूने माइक लावला तर हवेचा फुसकारा आणि भात्याची करकर येते, म्हणून स्वरपट्ट्यांच्या वरून, ४०-५० सेंटिमीटरवर लावा. तबल्याला एकच माइक असेल तर दायाँ-बायाँच्या मध्ये, वरून २५-३० सेंटिमीटर. जवळ नेला की चाटीची टकटक उरते आणि शाईचा नाद हरवतो. तानपुऱ्याला घोडीपासून फूटभर. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये येणारच, त्यासाठी लोकांना लांब बसवू नका. नजरानजर तुटली की सम सैल पडते. त्याऐवजी सगळे ट्रॅक मोनोत ऐका आणि एकेका माइकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटून पाहा. ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल ती ठेवा.

टेपचं मशीन घ्यायचंच असेल तर

घरगुती आणि स्टुडिओच्या मधल्या वर्गात काही नावं वारंवार भेटतात. रेव्हॉक्सचं ए७७ आणि त्यानंतरचं बी७७, दोन ट्रॅकचं काम नीट करणारी मशिनं. टीॲकचं ए-३३४०एस, पाव इंची टेपवर चार ट्रॅक, साडेदहा इंची स्पूल. टॅस्कॅमचं ३८८, मिक्सरसकट आठ ट्रॅक. अकाईचं ४०००डीएस, सात इंची घरगुती मशीन. शेवटी सांगितलेलं मशीन क्वार्टर ट्रॅकचं आहे, म्हणजे टेप उलटून दुसऱ्या बाजूनेही रेकॉर्ड होते. त्यात ट्रॅकची रुंदी अर्धी आणि सळसळ जास्त. मिक्स फिरवायला हाफ ट्रॅकचं, म्हणजे टेपच्या पूर्ण रुंदीत दोनच ट्रॅक असलेलं मशीन शोधा.

वीज हा आपल्याकडचा खरा सापळा आहे. जपानी बाजारातलं मशीन १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं १२० व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, फ्रिक्वेन्सी नाही. ज्या मशीनची कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, ते ६० हर्ट्झचं मशीन आपल्या ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरतं. काळी एकचं गाणं काळी पाचच्या जवळपास खाली जातं. त्याच मशीनवर रेकॉर्ड करून तिथेच वाजवलं तर सूर बरोबरच वाटतो, त्यामुळे विकणाऱ्याने दाखवलेल्या चाचणीत दोष कळत नाही. दुसरीकडे रेकॉर्ड केलेली टेप सोबत न्या. काही मशिनांत मागे ५०/६० चा स्विच असतो, काहींत मोटरच्या शाफ्टवरची पुली बदलावी लागते. रेव्हॉक्सच्या या दोन्ही मॉडेलांत मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही, फक्त व्होल्टेजची निवड बरोबर लावायची.

मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, "चालू आहे" याचा अर्थ दिवा लागतो आणि चाकं फिरतात एवढाच धरा. तपासणी अशी करा:

- वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगमध्ये घालू नका. १०० वॉटच्या तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बचा सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे वीज बल्बमधून मशीनला जाईल. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.
- हेडवरून (टेपला टेकून आवाज लिहिणारा-वाचणारा भाग) नख हलकेच फिरवा. टेप जिथून जाते तिथे कडेला पायरी लागत असेल तर हेड झिजलेलं आहे. झिजेची खूण वरून खाली सारख्या रुंदीची हवी, तिरकी असेल तर हेडची मांडणी चुकलेली आहे.
- पिंच रोलर (टेप कॅप्स्टनवर दाबणारं रबरी चाक) चकचकीत आणि कडक असेल तर टेप घसरेल. चिकट झाला असेल तर तो टेप खाईल. दोन्हींत बदलणं हाच उपाय.
- बेल्ट असलेल्या मशीनमध्ये झाकण उघडून पाहा. जुना रबरी बेल्ट कधी कधी वितळून काळं डांबर झालेला असतो आणि ते पुलीवरून पुसायलाच अर्धा दिवस जातो.
- ३,१५० हर्ट्झचा सूर रेकॉर्ड करून वाजवा. तो गळ्याच्या कंपासारखा थरथरत असेल तर कॅप्स्टन, बेल्ट किंवा बेअरिंगमध्ये दोष आहे.
- प्रत्येक ट्रॅकवर १ किलोहर्ट्झ आणि नंतर १० किलोहर्ट्झ रेकॉर्ड करून पातळी बघा. ट्रॅकांमध्ये २ डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर कॅलिब्रेशन (पातळ्या जुळवून घेणं) लागेल. १० किलोहर्ट्झ गायबच असेल तर आधी हेड पुसून पुन्हा बघा.

खरेदीच्या किमतीइतकीच रक्कम दुरुस्तीला बाजूला ठेवा. कोरडे पडलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मोटरचे कपॅसिटर, रोलर, बेल्ट, खरखरणारे पॉट (घुंड्यांमागचे भाग), हे सगळं ओघाने येतंच. कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतील, पण हेड आणि पिंच रोलर बहुधा परदेशातून मागवावे लागतात. आणि मशीन घेण्याआधी दुरुस्ती करणारा माणूस शोधा. ज्याच्याकडे कॅलिब्रेशन टेप आहे आणि बायस (रेकॉर्ड करताना टेपवर सोबत जाणारा, ऐकू न येणारा वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागत नाही, असा. तो सापडला नाही तर मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.

जुनं डिजिटल मात्र टाळाच. टेपवर डिजिटल आवाज साठवणारी मशिनं, म्हणजे एस-व्हीएचएस कॅसेटवर चालणारे एडॅट किंवा स्वतःच्या छोट्या कॅसेटवर चालणारे डॅट, यांत टेपची सगळी यांत्रिक दुखणी आहेत आणि टेपचा आवाज नाही. ड्रायव्हर बंद झालेले फायरवायर इंटरफेसही त्याच रांगेतले.

टेप, सफाई आणि पावसाळा

नवी स्पूल टेप आज फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेत एटीआर मॅग्नेटिक्स बनवतात. कुठल्याही एका टेपवर मशीनचा बायस लावून घ्या आणि मग तीच वापरत राहा. टेप बदलली की बायस बदलतो, आणि तो चुकला की आवाज एकतर बोथट होतो किंवा फाटका. पोर्टास्टुडिओला टाइप २ च्या (क्रोम प्रकारच्या) कॅसेट लागतात. नव्याने बनणाऱ्या बहुतेक कॅसेट टाइप १ च्या आहेत, म्हणून जुना न उघडलेला साठा शोधावा लागतो.

दर बैठकीआधी हेड, गाइड आणि कॅप्स्टन ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला ते लावू नका, पाण्यात किंचित सौम्य साबण पुरतो. दर काही बैठकींनी हेडचं चुंबकत्व काढा: मशीन बंद, टेपा दूर. डीमॅग्नेटायझर मीटरभर लांब असताना चालू करा, सावकाश हेडजवळ न्या, सावकाश मागे घ्या आणि पुन्हा मीटरभर लांब गेल्यावरच बंद करा. हेडजवळ बंद केला तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व मागे राहतं.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. हवाबंद डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल घाला, रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरा. टेप वाजवून झाल्यावर मागे गुंडाळू नका, शेवट बाहेर ठेवूनच ठेवा. थरांमधून आवाजाची छाप शेजारच्या वेढ्यावर उमटतेच. अशी ठेवल्यावर ती सुराच्या आधी ऐकू न येता नंतर येते आणि त्याच्या गुंजेत लपते.

दोन्ही जोडायची रीत

डिजिटलवर रेकॉर्ड करून मिक्स झालं की ते टेपवर पाठवायचं आणि वाजवणाऱ्या हेडवरून त्याच वेळी परत घ्यायचं. त्यासाठी इंटरफेसला किमान चार लाइन आउटपुट हवेत, दोन स्पीकरला आणि दोन टेपला.

सॉफ्टवेअरमधून १ किलोहर्ट्झचा सूर उणे १८ डेसिबलवर पाठवा आणि टेपच्या व्हीयू मीटरवर (काट्याच्या पातळीमापकावर) शून्य येईल असं इनपुट लावा. घरगुती मशिनांची पातळी ०.३१६ व्होल्टची, स्टुडिओच्या उपकरणांची १.२२८ व्होल्टची. म्हणजे जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. तेवढं आउटपुट आधी उतरवा, नाहीतर मशीनचा इनपुटच फाटेल आणि त्याला टेपचा गोडवा समजून बसाल. केबलमध्ये जॅकची टिप आरसीएच्या मधल्या पिनला आणि स्लीव्ह बाहेरच्या कडीला. रिंग मोकळी सोडायची की स्लीव्हला जोडायची ते इंटरफेसच्या पुस्तिकेत पाहा.

मग शून्यावर एकदा, अधिक ३ वर एकदा आणि उणे ३ वर एकदा, असं तेच मिक्स तीनदा फिरवा आणि तिन्ही सारख्या पातळीला आणून ऐका. व्हीयूचा काटा संथ असतो, पेटीची पातळी तो बरोबर दाखवतो, पण तबल्याची थाप त्याच्या वर १० डेसिबल सहज गेलेली असते आणि काट्याला पत्ताही नसतो. तबला भरपूर असलेलं मिक्स म्हणूनच उणे ३ वर जास्त चांगलं वाटतं. टेपने थापेची टोकं गोल केली की तबला गळ्याच्या मागे छान बसतो. फार दाबली की चाट मरते. साडेसात इंच वेगाला चाट लवकर मरते, १५ ला उशिरा.

रेकॉर्डचं आणि वाजवण्याचं हेड ५ सेंटिमीटर दूर असतील तर १५ इंच वेगाला परतीचा आवाज सुमारे १३० मिलिसेकंद उशिरा येतो. मिक्सच्या आधी एक टिचकी टाका आणि तिच्यावरून मागे सरकवा. पण गळा एकदा, तबला एकदा असं वेगवेगळं फिरवू नका. वेगात ०.१ टक्का फरक पडला तरी पाच मिनिटांत ३०० मिलिसेकंदांची तफावत होते आणि सम विस्कटते.

कपाटातल्या जुन्या टेपा

पुष्कळ घरांमध्ये टेप मशीन घेण्याचं सगळ्यात योग्य कारण हेच आहे: आजोबांच्या काळातल्या खाजगी मैफलींची रिळं. ती आधी वाजवून पाहू नका. उजेडासमोर धरा. स्पूलच्या कडेतून प्रकाश आरपार दिसला तर टेप बहुधा ॲसिटेटची, ठिसूळ, व्हिनेगरसारखा वास येतो. तिला कधीही उष्णता देऊ नका. पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, मशीनवर चढवली तर पुढच्या टेपांनाही लागेल. वाजवताना किंचाळत हेडवर चिकट थर सोडत असेल तर लगेच थांबवा. ॲम्पेक्स ४५६ सारख्या काही टेपांच्या चिकटद्रव्याने हवेतलं पाणी शोषलेलं असतं. त्या ५४ अंशांच्या स्थिर उष्णतेत किमान आठ तास ठेवल्या की काही आठवडे वाजवण्याजोग्या होतात. हे तापमान घट्ट धरणाऱ्या यंत्रात करायचं काम आहे, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही. घरगुती बीएएसएफ आणि आग्फा टेपांत हा दोष सहसा नसतो.

कॉपी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घ्या. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए किमान ४८ आणि शक्यतो ९६ सांगते. प्रत्येक रिळासाठी मोनोत ऐकत वाजवण्याच्या हेडचा ॲझिमथचा (टेपशी हेडचा कोन ठरवणारा) स्क्रू अगदी थोडा फिरवा आणि तानपुऱ्याची जवारी सगळ्यात लख्ख लागेल तिथे थांबा. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा.

वेग बरोबर आहे का हे टेपच सांगते. त्या वेळच्या विजेची घरघर बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली असते. सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रममध्ये ती ५० हर्ट्झच्या आसपास शोधा. टेप थांबवल्यावरही ५० वर रेघ राहिली तर ती तुमच्याच मशीनची, तिच्याकडे दुर्लक्ष करा. टेपबरोबर येणारी रेघ ४८.५ वर दिसली तर टेप ३ टक्के हळू चालते आहे, तेवढा वेग वाढवा. मूळ न सुधारलेली फाइल वेगळ्या डिस्कवर तशीच ठेवा, आणि फाइलच्या नावात गायक, राग, अंदाजे साल, टेपचा वेग, ट्रॅकची पद्धत आणि दुरुस्त केलेला टक्का लिहा.